डॅमेज, इन्ज्युरी, डिफेक्ट की लॉस? शेतीच्या कागदांवरील ‘खराबी’चे इंग्रजी शब्द

कात्रजचा घाट किंवा नवा बोगदा ओलांडून भोर, राजगड, पुरंदर आणि साताऱ्याकडचा शेतमाल रोज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. कात्रजच्या दूध संघासारख्या संस्थांकडे गावोगावचे दूध येते. माल आपला, मेहनत आपली. पण तो तपासून झाल्यावर हातात पडणाऱ्या कागदावरचे शब्द बहुधा इंग्रजी असतात. डॅमेज्ड, डिफेक्टिव्ह, सब-स्टँडर्ड, क्रॉप लॉस, इन्ज्युरी, डिसऑर्डर, हार्मफुल. मराठीत आपण या सगळ्यांना ‘खराब’ किंवा ‘नुकसान’ म्हणून मोकळे होतो.

या प्रत्येक शब्दाचा अर्थ मात्र वेगळा आहे. फवारणी करायची की नाही, मालाला कोणती प्रत मिळेल, विम्याचा दावा बसेल का आणि तक्रार कुठे करायची, हे या शब्दांवर ठरते. शेतातून बाजारापर्यंत आणि बाजारातून सरकारी कार्यालयापर्यंत हे शब्द ज्या क्रमाने भेटतात, त्याच क्रमाने ते येथे समजून घेऊ.

१. इन्ज्युरी आणि डॅमेज: इजा आणि नुकसान

रोजच्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. कीटकशास्त्रात मात्र त्यांत स्पष्ट फरक आहे.

इन्ज्युरी म्हणजे किडीने झाडाला केलेली इजा: अळीने पान खाल्ले, तुडतुड्याने रस शोषला, खोडकिडीने पोंगा मारला. डॅमेज म्हणजे त्या इजेमुळे उत्पादनात किंवा मालाच्या प्रतीत आलेली मोजता येणारी घट. प्रत्येक इजेचे नुकसान होतेच असे नाही. फुलोऱ्यापूर्वी सोयाबीनची काही पाने अळीने खाल्ली, तरी पीक नवी पाने फोडून ती तूट बऱ्याच अंशी भरून काढते. तेवढीच पाने शेंगा भरताना गेली, तर उतारा घटतो. इजा सारखीच, नुकसान वेगळे.

‘आर्थिक नुकसान पातळी’ ही कल्पना याच फरकावर उभी आहे. १९५९ मध्ये अमेरिकेतील स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. समजा, एका एकराच्या फवारणीला औषध व मजुरी धरून १५०० रुपये लागतात आणि मालाला किलोला ५० रुपये मिळतात. म्हणजे किडीमुळे एकरी ३० किलोपेक्षा जास्त घट होणार असेल, तरच फवारणी परवडते. नुकसान त्या टप्प्याला पोहोचेपर्यंत थांबायचे नसते, म्हणून प्रत्यक्ष फवारणीचा इशारा त्याच्या थोडा आधी दिलेला असतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले अथवा हिरवी बोंडे, ही पातळी सांगितली जाते.

शेतात एक पान कुरतडलेले दिसले की पंप काढायचा, ही सवय इन्ज्युरीलाच डॅमेज समजल्याने लागते. खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि कीड औषधाला दाद देईनाशी होते.

किडीखेरीज इतर कारणांनी झालेल्या इजेलाही इन्ज्युरी म्हणतात. केळी साधारण १३ अंश सेल्सिअसखाली गेली की होणारी थंडीची इजा म्हणजे ‘चिलिंग इन्ज्युरी’. शेजारच्या शेतातील टू फोर-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने येऊन कपाशी, द्राक्ष किंवा टोमॅटोची पाने अरुंद व वेडीवाकडी होतात, ती ‘हर्बिसाइड इन्ज्युरी’. हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशक फवारून उपयोग नाही.

२. डिसीझ, डिसऑर्डर आणि डेफिशियन्सी: रोग, विकृती आणि कमतरता

• डिसीझ: बुरशी, जिवाणू, विषाणू अशा सजीव किंवा संसर्गजन्य कारणाने होणारा रोग. तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.
• डिसऑर्डर: पाणी, तापमान किंवा अन्नद्रव्यांचे संतुलन बिघडल्याने होणारी विकृती. ती पसरत नाही.
• डेफिशियन्सी: एखाद्या अन्नद्रव्याची कमतरता. अन्नद्रव्य जमिनीत आहे पण पिकाला मिळत नाही, तेव्हाही हाच शब्द वापरतात.

टोमॅटोच्या फळाचे टोक काळे पडून बसते, त्याला इंग्रजीत ‘ब्लॉसम एंड रॉट’ म्हणतात. नावात ‘रॉट’ म्हणजे कुज असली तरी सुरुवात कुजीने होत नाही. फळाला पुरेसे कॅल्शियम न पोहोचल्याने ही विकृती येते आणि त्यामागे बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमित पाळ्या असतात. येथे बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो. पाणी नियमित करावे लागते.

डाळिंबातही हाच घोळ होतो. निरोगी सालीला सरळ चीर पडली असेल, तर ती बहुधा पाण्याच्या ताणानंतर एकदम पाणी मिळाल्याने आलेली विकृती असते. तेलकट काळा डाग असेल आणि साल त्या डागावरच इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखी तडकली असेल, तर तो तेल्या, म्हणजे जिवाणूजन्य रोग. पहिल्यात शेजारच्या झाडाला धोका नाही. दुसऱ्यात सगळी बाग धोक्यात असते. पुरंदरच्या अंजिरावरील तांबेरा हा बुरशीजन्य रोग आहे, तर पिकण्याच्या वेळी पाऊस आल्याने फळ उकलणे ही विकृती आहे.

हा फरक इंग्रजीत पाहून ठेवणे गरजेचे आहे, कारण आपले काही मराठी शब्द अनेक कारणांना एकच नाव देतात. ‘केवडा’ हेच पाहा:

• उसावरील केवडा बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या जमिनीत ती जास्त दिसते. हे क्लोरोसिस, म्हणजे डेफिशियन्सी.
• बाजरीवरील केवडा किंवा गोसावी हा डाउनी मिल्ड्यू, म्हणजे डिसीझ. त्यासाठी बीजप्रक्रिया आणि प्रतिकारक वाण हवे.
• मूग, उडीद, सोयाबीनवरील केवडा हा यलो मोझॅक, विषाणूजन्य रोग. तो पांढरी माशी पसरवते. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटून नष्ट करावी लागतात.

तिन्ही ठिकाणी पान पिवळे, नाव एक, उपाय तीन. ‘करपा’ हा शब्दही तसाच. भातावर तो ब्लास्ट, बटाट्यावर ब्लाइट, आंब्यावर अँथ्रॅक्नोज आणि कांद्यावरील जांभळा करपा म्हणजे पर्पल ब्लॉच. कृषी सेवा केंद्रात नुसते “करपा आलाय” म्हणण्याऐवजी पीक, पिकाची अवस्था आणि डागाचे वर्णन सांगा. शक्य असेल तर पान सोबत न्या.

३. इन्फेस्टेशन आणि इन्फेक्शन. इन्सिडन्स आणि सिव्हिरिटी

किडीचा होतो तो प्रादुर्भाव, म्हणजे इन्फेस्टेशन. रोगजंतूंची होते ती लागण, म्हणजे इन्फेक्शन. अहवालात “मावा इन्फेक्शन” असे लिहिणे चूक आहे.

इन्सिडन्स म्हणजे १०० पैकी किती झाडांना रोग झाला. सिव्हिरिटी म्हणजे झालेल्या झाडांचा किती भाग व्यापला. शेतातील ९० टक्के झाडांवर तांबेऱ्याचा एकेक ठिपका असेल, तर इन्सिडन्स ९० टक्के असूनही सिव्हिरिटी किरकोळ असते. उलट १० टक्के झाडे पूर्ण जळालेली असतील, तर इन्सिडन्स कमी पण तेथील सिव्हिरिटी मोठी. नुसते “९० टक्के रोग” असे लिहिलेल्या अहवालावरून कोणताही योग्य निर्णय घेता येत नाही.

४. बाजारात: डिफेक्ट, ब्लेमिश आणि डॅमेज्ड

डिफेक्ट म्हणजे ठरवून दिलेल्या निकषांच्या तुलनेत मालात असलेला दोष किंवा वैगुण्य. तो कशामुळे आला याच्याशी प्रतवारी करणाऱ्याला फारसे देणेघेणे नसते. जोड कांदा किंवा डेंगळे आलेला कांदा खायला चांगला असतो, तरी प्रतवारीत तो दोष ठरतो. ब्लेमिश म्हणजे वरवरचा डाग. सालीवर फांदी घासल्याची खूण हे नेहमीचे उदाहरण. आत गर चांगला असेल, तर अशा डागाला ठराविक मर्यादेपर्यंत सूट मिळते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांत फळभाज्यांच्या ‘एक्स्ट्रा’ वर्गात साधारणपणे ५ टक्के आणि ‘क्लास १’ व ‘क्लास २’ मध्ये १० टक्के माल त्या वर्गाच्या निकषात न बसणारा चालतो.

हापूस आंब्यातील साका हे उलटे उदाहरण आहे. बाहेरून फळ निर्दोष, आत गर पांढरट व स्पंजासारखा. झाडाच्या दृष्टीने ती डिसऑर्डर, ग्राहकाच्या दृष्टीने ‘इंटर्नल डिफेक्ट’. एकाच गोष्टीला शेतात एक आणि बाजारात दुसरा शब्द लागतो, तो असा.

निर्यातदारांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा. अमेरिकी तपासणी पद्धतीत दोषांचे दोन गट करतात. क्वालिटी डिफेक्ट म्हणजे कायमचा, न वाढणारा दोष: जुना व्रण, वेडावाकडा आकार. कंडिशन डिफेक्ट म्हणजे वाढत जाणारा दोष: सड, मऊ पडणे, सुकणे. पहिला दोष शेतातून निघतानाच होता. दुसरा वाटेत वाढला असू शकतो. माल बंदरावर पोहोचल्यावर जबाबदारी बागायतदाराची की वाहतुकीची, हा वाद याच शब्दांवर चालतो. म्हणून पॅकिंगच्या वेळचे तारखेसह फोटो व तपासणी अहवाल जपून ठेवा.

धान्याच्या सरकारी खरेदीत शब्द आणखी काटेकोर आहेत:

• फॉरेन मॅटर: माती, खडे, काडीकचरा.
• डॅमेज्ड: दाणा आतून खराब किंवा इतका रंगहीन की प्रतीवर परिणाम होतो.
• स्लाइटली डॅमेज्ड: खराबी वरवरची, प्रतीवर परिणाम नाही.
• वीव्हिल्ड: किडीने पोखरलेला, भोक पडलेला दाणा.
• श्रिव्हल्ड: नीट न भरलेला, सुरकुतलेला दाणा.
• इमॅच्युअर: पक्व न झालेला दाणा.

प्रत्येकाला वेगळी मर्यादा असते. ‘माल खराब आहे’ एवढे ऐकून परत फिरू नका. कोणत्या रकान्यात किती टक्के आले, ते विचारा. काडीकचरा जास्त असेल तर चाळणी मारून माल पुन्हा नेता येतो. ओलावा जास्त असेल तर वाळवून नेता येतो. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी १२ टक्क्यांची मर्यादा धरतात. दाणाच डॅमेज्ड असेल, तर चाळून किंवा वाळवून तो सुधारत नाही.

५. दुधाच्या स्लिपवर: सब-स्टँडर्ड, अडल्टरेटेड, कंटॅमिनेटेड

दूध उत्पादकांसाठी हा भाग महत्त्वाचा, कारण यातील एका शब्दात कमीपणा आहे आणि दुसऱ्यात आरोप.

• सब-स्टँडर्ड: फॅट किंवा एसएनएफ ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी, पण दूध असुरक्षित नाही. निकृष्ट चारा, खनिजांची कमतरता, कासदाह यामुळे पाणी न घालताही एसएनएफ घसरू शकते.
• अडल्टरेटेड: दुधात पाणी, साखर, युरिया असे काही घातलेले. हा भेसळीचा आरोप आहे.
• कंटॅमिनेटेड: कोणी मुद्दाम घातले नाही, पण नको तो पदार्थ दुधात आला. बुरशी लागलेली पेंड खाल्ल्याने येणारे अफ्लाटॉक्सिन एम-१ (मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम) किंवा उपचारानंतर राहिलेला प्रतिजैविकाचा अंश ही उदाहरणे.
• स्पॉइल्ड: साठवणीत नासलेले, आंबट झालेले.

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ यात या गोष्टींची कलमे व दंड वेगवेगळे आहेत. गाईचे दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या दराच्या नेहमीच्या आधारापेक्षा कमी भरले, तर दर कापला जाईल. पण तेवढ्यावरून ते भेसळीचे ठरत नाही. स्लिपवर कोणता शब्द आहे ते पाहा, आणि भेसळीचा उल्लेख असेल तर कोणती चाचणी केली ते विचारा.

फळांतही हेच आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. ती द्राक्षे दिसायला उत्तम होती. तेथे डिफेक्ट नव्हता, डॅमेज नव्हते. अडचण होती ‘रेसिड्यू’ची, म्हणजे उर्वरित अंशाची.

६. पंचनामा आणि विमा: क्रॉप डॅमेज आणि यील्ड लॉस

तलाठी व कृषी सहायक पंचनाम्यात पाहतात ते शेतातील डॅमेज: किती क्षेत्र आडवे झाले, किती पाण्याखाली गेले. आपत्ती निधीच्या निकषांनुसार पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले असेल, तरच मदत मिळते.

पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू आहे. तिचा मुख्य आधार यील्ड लॉस, म्हणजे उत्पादनातील घट आहे, आणि ती तुमच्या एकट्या शेताची नाही तर संपूर्ण विमा क्षेत्र घटकाची मोजतात. पीक कापणी प्रयोगांतून आलेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा जेवढे कमी, त्या प्रमाणात भरपाई मिळते. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल, प्रत्यक्ष सरासरी ७ क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे. घट ३० टक्के, म्हणून भरपाई १५,००० रुपये.

यामुळे दोन गोष्टी घडतात. तुमच्या शेतात डॅमेज झाले पण मंडळाची सरासरी चांगली राहिली, तर या पद्धतीने काहीच मिळत नाही. उलट तुमचे पीक बरे असूनही मंडळाची सरासरी घसरली, तर भरपाई मिळते. गारपीट, ढगफुटी अशा ‘स्थानिक आपत्ती’चे वैयक्तिक संरक्षण जेथे लागू असते, तेथे ७२ तासांत सूचना देणे बंधनकारक असते. कोणते धोके समाविष्ट आहेत हे राज्य व हंगामानुसार बदलते, म्हणून विमा भरण्यापूर्वीच त्या हंगामाची अधिसूचना वाचा.

७. तक्रारीच्या अर्जात: डिफेक्ट, डेफिशियन्सी, हार्म, डॅमेजेस

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये हे शब्द पुन्हा वेगळे अर्थ घेतात.

• डिफेक्ट वस्तूत असतो: न उगवणारे बियाणे, कमी सामर्थ्याचे कीटकनाशक, गळका पंप.
• डेफिशियन्सी सेवेत असते: विमा दाव्याकडे दुर्लक्ष, बँकेची किंवा शीतगृहाची हलगर्जी. पिकातील अन्नद्रव्याची कमतरता आणि ही सेवेतील त्रुटी, इंग्रजी शब्द एकच.
• हार्म म्हणजे सदोष उत्पादनामुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेला अपाय. त्या व्याख्येतून निव्वळ आर्थिक तोटा वगळलेला आहे.
• डॅमेज म्हणजे नुकसान. पण शेवटी ‘स’ लागून ‘डॅमेजेस’ झाले की कायद्याच्या भाषेत अर्थ होतो नुकसानभरपाई.

बियाणे खरेदी करणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केले. उगवण कमी झाली, तर आधी तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पाहणी होईपर्यंत शेत मोडू नका. पावती, पिशवी, लेबल आणि थोडे शिल्लक बियाणे जपून ठेवा. अर्जात ‘पीक खराब आले’ असे मोघम लिहू नका. ‘बियाण्याची उगवण लेबलवरील प्रमाणापेक्षा कमी’ असा दोष नेमका लिहा. सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के अपेक्षित असते. पेरणीची तारीख, ओल आणि खोली हेही नोंदवा, कारण समोरची बाजू आधी तेच विचारते.

८. औषधाच्या डब्यावर: पॉयझन, डेंजर, कॉशन

येथे शब्दाचा अर्थ जिवाशी निगडित आहे. भारतातील कीटकनाशकांच्या लेबलवर रंगीत चौकोन असतो आणि त्यासोबत सूचनेचा शब्द. जास्त विषारी ते कमी विषारी असा क्रम असा:

• लाल: कवटी-हाडांचे चिन्ह आणि ‘पॉयझन’. अत्यंत विषारी.
• पिवळा: ‘पॉयझन’. जास्त विषारी.
• निळा: ‘डेंजर’. मध्यम विषारी.
• हिरवा: ‘कॉशन’. कमी विषारी.

‘डेंजर’ हा शब्द ऐकायला सर्वांत भयंकर वाटतो, पण आपल्याकडे त्याच्या वर ‘पॉयझन’चे दोन वर्ग आहेत. ‘कॉशन’ म्हणजे निर्धोक नव्हे. जपून वापरा एवढाच त्याचा अर्थ.

हॅझार्ड आणि रिस्क या दोन्हींना आपण ‘धोका’ म्हणतो. हॅझार्ड डब्यातील विषात असतो, तो कमी करता येत नाही. रिस्क तुमच्या अंगावर किती विष येते यावर ठरते, आणि ती तुमच्या हातात असते. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, दोन-तीन औषधांचे घरगुती मिश्रण टाळणे यांनी रिस्क घटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. फवारताना मळमळ, घाम, अंधुक दिसणे असे काही झाले तर लगेच काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या. उतारा कोणता द्यायचा, हे डॉक्टरांना लेबलवरून कळते.

थोडक्यात

• इन्ज्युरी: झाडाला इजा. फवारणीपूर्वी पातळी मोजा.
• डॅमेज: इजेमुळे आलेली मोजता येणारी घट किंवा खराबी.
• लॉस: गमावलेले उत्पादन किंवा पैसा.
• डिसीझ: पसरणारा रोग. रोगट भाग काढा, संरक्षण करा.
• डिसऑर्डर: न पसरणारी विकृती. पाणी व अन्नद्रव्ये तपासा.
• डेफिशियन्सी: पिकात अन्नद्रव्याची, कायद्यात सेवेची त्रुटी.
• डिफेक्ट: निकषाच्या तुलनेत वस्तूतील दोष.
• ब्लेमिश: वरवरचा डाग.
• हार्म: माणसाला किंवा मालमत्तेला अपाय.
• डॅमेजेस: नुकसानभरपाई.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

क्षेत्रभेटीच्या नोंदीत ‘पीक खराब’ हे दोन शब्द टाळावेत. त्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात: काय दिसले, कारण सजीव की निर्जीव, किती झाडांवर व किती तीव्र, आणि उत्पादनावर अपेक्षित परिणाम. दिसलेली इजा आणि अंदाजलेली घट वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवावी. कारण निश्चित नसेल तर तसे लिहून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. हीच नोंद पुढे विमा, बियाणे तक्रार किंवा ग्राहक आयोगात शेतकऱ्याचा पुरावा ठरते.

इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी त्यातील खराबीचा शब्द अधोरेखित करा आणि समोरच्याला त्याचा अर्थ मराठीत विचारा. अर्थ पटला नाही, तर आपले म्हणणे मराठीत त्याच कागदावर लिहून मगच सही करा.